मर्यादा आणि तिचा भार

मर्यादा ही सामर्थ्याची उणीव आहे की सामर्थ्याला लागलेली शिस्त, हा नीतिविचारातील जुना प्रश्न अल्प पल्ल्याच्या व अल्प विजेवर चालणाऱ्या बिनतारी दुव्याची निवड करताना अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो. शरीरावर लावलेला नाडीमापक किंवा खोलीतील तापमानाचा संवेदक, म्हणजे भौतिक राशी मोजून तिचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण, आपली मोजमापे काही मीटरांवरील दुसऱ्या उपकरणाकडे ज्या रेडिओ संपर्काने पाठवते, तो असा दुवा होय. त्यात वेग, पल्ला आणि बॅटरीचे आयुष्य ही तिन्ही एकाच वेळी कमाल प्रमाणात मिळत नाहीत. कारण मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि त्यामुळे, इतर सर्व गोष्टी समान असताना, पल्ला दुप्पट करण्यासाठी प्रक्षेपणशक्ती चौपट करावी लागते.

मर्यादेच्या या प्रश्नाचा सूक्ष्म विचार जैन आचारशास्त्रात आढळतो. श्रावकाच्या, म्हणजे व्रतस्थ गृहस्थाच्या, बारा व्रतांपैकी दिग्व्रतात दाही दिशांना आपल्या व्यवहाराची सीमा ठरवून घ्यायची असते, तर अनर्थदंडव्रतात प्रयोजनावाचून घडणारी हानिकारक कृती वर्ज्य करायची असते. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’नुसार सीमेबाहेरच्या क्षेत्रात असा गृहस्थ सूक्ष्म पापांपासूनही निवृत्त होतो, म्हणून तेवढ्यापुरती त्याची अणुव्रते, म्हणजे अंशतः पाळायची व्रते, मुनींच्या महाव्रतांच्या, म्हणजे पूर्णतः पाळायच्या व्रतांच्या, योग्यतेला पोहोचतात. येथे सीमा म्हणजे स्वतःचे नुकसान नसून इतरांना मिळालेले अभय आहे. वायफाय, ब्लूटूथ आणि झिग्बी या तिन्ही बिनतारी संपर्काच्या पद्धती 2.4 गिगाहर्ट्झच्या ज्या परवानामुक्त पट्ट्यात वावरतात, तेथेही हाच न्याय लागू पडतो. एका घरातील संकेत भिंतीपलीकडे क्षीण झाला तरच शेजारच्या घराला तीच वारंवारता निर्वेधपणे वापरता येते.

अनर्थदंडाच्या त्यागाशी जुळणारी गोष्ट या दुव्यांच्या वेळापत्रकात दिसते. बटणाच्या आकाराच्या सीआर2032 घटात सुमारे 225 मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार असतो. उपकरणाचा सरासरी प्रवाह 10 मायक्रोअँपिअर ठेवता आला तर तो हिशेबाने सुमारे अडीच वर्षे पुरतो. परंतु रेडिओ चालू असताना प्रवाह काही मिलिअँपिअरपर्यंत चढतो, म्हणून 2010 साली ब्लूटूथ 4.0 बरोबर आलेल्या ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ या पद्धतीत उपकरण क्षणभर जागे होऊन संदेश देते आणि उरलेला बहुतांश काळ निद्रित राहते.

मात्र या संयमाचा हिशेब संयम करणाऱ्यापाशीच थांबत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आयट्रिपलई 802.15.4 या मानकावर झिग्बी आणि थ्रेड या पद्धती उभ्या आहेत. त्यांच्या जाळ्यात एक उपकरण दुसऱ्याचा संदेश पुढे नेते, आणि बॅटरीवरील संवेदक झोपलेला असताना त्याच्यासाठी आलेले संदेश राखून ठेवणारे पालक-उपकरण जागेच असावे लागते. मुनीचा अपरिग्रहही असाच गृहस्थाच्या चुलीवर अवलंबून असतो, आणि जैन परंपरेने ही अडचण ओळखून उद्दिष्टत्यागाचा नियम घातला: खास मुनीसाठी रांधलेले अन्न त्याने घेऊ नये, गृहस्थाने स्वतःच्या कुटुंबासाठी केलेल्या अन्नातूनच घ्यावे. परावलंबन टळत नसले तरी त्यासाठी नवा आरंभ, म्हणजे नवी हिंसक खटपट, होऊ नये, हा त्यामागचा विवेक आहे.

दुव्याच्या निवडीला हाच निकष लावता येतो. खिशात फोन आधीच आहे आणि तो अन्य कारणांनी रोज चार्ज होतो, तेव्हा नाडीमापकासाठी ब्लूटूथ लो एनर्जी योग्य ठरते. इमारतीत सतत विजेला जोडलेले झिग्बीचे दिवे असतील, तर त्यांच्याच आधाराने संवेदकांचे जाळे विणणे योग्य. एकट्या संवेदकाची बॅटरी वाचावी म्हणून अहोरात्र जागणारे नवे उपकरण बसवणे, हे मात्र विजेचा भार एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवणे होय.

यावर असा आक्षेप संभवतो की यंत्राला व्रत नसते, कारण उल्लंघनाची शक्यता असूनही केलेला संकल्प म्हणजे व्रत. हा आक्षेप ग्राह्य आहे, पण त्यातून प्रश्न निकाली निघत नाही. तो यंत्राकडून निवड करणाऱ्याकडे जातो. अल्प पल्ला म्हणजे गुप्तता असे मानून कूटलेखन, म्हणजे किल्लीवाचून संदेश उलगडू न देणारी योजना, वगळली, तर संवेदनशील ग्राहकयंत्र आणि मोठा अँटेना वापरणारा कोणीही अपेक्षित सीमेबाहेरून ते संदेश ऐकू शकतो. म्हणून मर्यादा स्वतःहून गुण ठरत नाही. तिच्यामुळे कोणाला मोकळीक मिळाली आणि कोणावर जागरण लादले गेले, याचे उत्तर निवड करणाऱ्याला देता आले, तरच ती गुण ठरते.