मेलेलं ढोर कुणाचं?

रात्रपाळी सुटली की आम्ही मानपाड्याच्या नाक्यावर चहा पितो. २०२२ साली लम्पीनं गावोगाव गायी मरत होत्या. तेव्हा खात्यातला एक जण मला म्हणाला, "गावाला मेलेली जनावरं तशीच पडून राहतात. तुमच्या लोकांनी ओढायचं सोडलं ना!" जणू रोग आम्हीच आणला. मी काहीच बोललो नाही. ते गप्प बसणं अजून सलतंय, म्हणून लिहितोय.

दोस्तहो, आधी पैशाचा हिशोब. सरकारनं मेलेल्या दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार ठरवले. सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांचे बाजार बंद केले. हा रोग माश्या, डास, गोचिडं पसरवतात, तेव्हा तेही बरोबरच. पण नुकसान मोजलं ते जनावरावर, माणसावर नाही. दहा गायीवाल्याची एक मेली तर नऊ उरतात. एकच गाय असलेल्या बाईची ती मेली तर दावं उरतं.

माझी मावशी संगमनेर तालुक्यातली. जमीन नाही. बचत गटाचं कर्ज काढून ६० हजारांची गाय घेतलेली. गायीच्या अंगभर गाठी उठल्या, ताप भरला, चारा सुटला, दूध आटलं. आठव्या दिवशी मेली. मावशी फोनवर म्हणाली, "गाय गेली रं, हप्ता मातर जित्ता हाये." ३० हजार मिळाले, पण उशिरा, आणि निम्मी किंमत. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, तिला तर तेवढेही नाहीत. तिची गाय नव्हती ना!

आता ओढण्याचा प्रश्न. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी संगमनेरचीच एक आठवण सांगितली होती. एका वार्ताहरानं त्यांना विचारलं होतं, कातडं, शिंगं, मांस यांचं वर्षाला ५०० रुपयांचं उत्पन्न तुम्ही या गरिबांना का सोडायला लावता? बाबासाहेबांनी त्याला सुनावलं, मग ढोरं तुम्हीच ओढा, ते उत्पन्न घ्या, वर मी ५०० रुपये देतो. कुणी पुढं आलं नाही. फायद्याचं काम असतं तर त्यांनी आपल्यासाठी ठेवलं असतं का? आणि २०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना भर रस्त्यात बडवलं. ढोर ओढलं नाही तरी आपण गुन्हेगार, ओढलं तरी गुन्हेगार.

पण दोस्तहो, इथंच मला एक अडचण आली. मावशीची गाय मेली तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "आज्यानं हे काम टाकलंय, मी हात लावणार नाय." मावशी म्हणाली, "पाटलाची नाय ती, माझी हाये. दूध मी पिळलं, माती बी मीच टाकीन." तिनं कुदळ घेतली. मग तोही उतरला. खोल खड्डा खणून, चुना टाकून दोघांनी गाय पुरली.

मावसभाऊ चुकला होता का? मला वाटतं, त्याचा राग खरा होता, फक्त त्या दिवशी लागू नव्हता. मढं उचलणं हलकं नाही. मढं उचलण्यासाठीच अमक्याच्या पोटी जन्म, हे म्हणणं हलकं आहे. १९२७ ला महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेलं ढोर टाकलं, ते घाणीला भिऊन नव्हे. जन्मानं गळ्यात बांधलेली वेठ त्यांनी फेकली. आपल्या गायीला माती देणं वेगळं, गावाची वेठ ओढणं वेगळं. या दोन गोष्टी एक करू नका.

तर नाक्यावरच्या त्या भावा, उशिरा का होईना, हे माझं उत्तर. गाय ज्याची, त्यानं पुरावी. बेवारस मेली तर ग्रामपंचायतीनं जेसीबी लावावा, हातमोजे द्यावेत, रोख मजुरी द्यावी. ते काम कुठल्याही जातीच्या माणसानं करावं. आणि आपल्या पोरांनो, पुढच्या साथीत पंचनाम्याला हजर राहा. भूमिहीन बाईची एकुलती गाय कागदावर आली का, ते बघा. तिला पैसे मिळेपर्यंत हप्ता थांबवा म्हणून भांडा.

जय भीम.