ओझे कोणाचे?

दिवाळी सरली की पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगार कारखान्याकडे निघतात. मागे उरतात दहावीचा मुलगा आणि दम्याने बेजार आजी. त्याला झोप नाही, तिला अन्न गोड लागत नाही. दोघांच्या मनात एकच बोच: मी घरावर ओझे आहे. नापास झालो तर आईबापाचे कष्ट वाया. औषध आणले तर नातवाच्या शिक्षणाला कात्री. याला आपण 'मनाचा कमकुवतपणा' म्हणतो, काही महाभाग तर पूर्वकर्म! वृद्ध, आजारी नकुलपित्याला बुद्धांनी सांगितले, शरीर रोगी असले तरी मन रोगी होऊ देऊ नकोस. पण आधी त्याचे दुखणे ऐकून घेतले, मान्य केले. आपण ऐकतो का? २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला आहे. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक मी वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.