शेजारच्या घरचा शब्द



गेल्या मे महिन्यात आमच्या घरी साखरपुडा होता. आदल्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामात कुणाच्या तरी कुदळीने आमच्या इंटरनेटची केबल तुटली. घरात तीस-पस्तीस माणसे, त्यांत निम्मी तरुण, आणि कुवेतच्या काकांना व्हिडिओ कॉलवर सगळा सोहळा दाखवायचा होता. मोबाईलचा नेट आमच्या वाडीत धड चालत नाही. मुले कुरकुरू लागली. तेवढ्यात आमचा भाचा म्हणाला, "मामा, तुझा फोन दे बघू. शेजारचं वाय-फाय पकडतंय त्यात."

त्याने फोन घेतला, सेटिंग्जमध्ये गेला, वाय-फाय उघडले, जतन केलेल्या नेटवर्कची यादी काढली. शेजारच्या मावशींच्या घरचे नाव तिथे होतेच. त्यावर बोट ठेवून त्याने 'शेअर' दाबले. फोनने आमचा अंगठा मागितला, आम्ही दिला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट आली आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड. भाच्याने त्या चौकटीचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत सगळी मुले मावशींच्या इंटरनेटवर. काकांनी कुवेतमधून अंगठी घालताना पाहिली. सगळे खूश.

मावशी त्या वेळी आमच्याच पडवीत खुर्चीवर बसून सरबत पीत होत्या. विचारायला अर्धा मिनिट लागला नसता.

तो शब्द आम्ही वाचला आणि आमच्या पोटात काहीतरी हलले. त्यात एक नाव होते आणि त्यापुढे एक तारीख. नाव मावशींच्या मुलाचे, आणि तारीख त्याच्या वाढदिवसाची नव्हती.

चार वर्षांपूर्वी आमची आई अंथरुणाला खिळली होती, डॉक्टर व्हिडिओवर तपासत, आणि आमच्याकडे तेव्हा नेट नव्हता. मावशी आपणहून आल्या, "आमचं वापरा" म्हणाल्या. पासवर्ड विचारल्यावर त्यांनी चष्मा लावला, आमचा फोन हातात घेतला, किंचित पाठ वळवली आणि स्वतः टाइप केले. आम्हाला तेव्हा वाटले, वयस्कर बाई, इंग्रजी अक्षरे सांगायला संकोचत असतील. आम्ही हसलोही असू. त्यांनी आम्हाला इंटरनेट दिले होते, तो शब्द दिला नव्हता, हे कळायला आम्हाला चार वर्षे आणि एक साखरपुडा लागला.

(हे सारे लिहिण्याआधी आम्ही मावशींना वाचून दाखवले आहे. त्यांच्या सांगण्यावरून दोन-तीन तपशील बदलले आहेत. तेव्हा 'कोण बरं या मावशी' असा शोध घेत बसू नये, ही विनंती.)

आता थोडे यंत्राविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते. वाय-फायला एकदा जोडले की फोन तो पासवर्ड लक्षात ठेवतो. तसे नसते तर रोज घरी आल्यावर आपल्याला तो नव्याने लिहावा लागला असता. पूर्वी हा साठवलेला शब्द फोनच्या पोटात खोल असलेल्या एका फाईलमध्ये असायचा आणि ती पाहण्यासाठी फोनची कुलपे तोडावी लागत. सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातले ते काम नव्हते. २०१९ साली अँड्रॉइड १० आले आणि त्यात ठिपक्यांच्या चौकटीने वाय-फाय वाटण्याची सोय झाली. आयफोनमध्ये २०१७ पासून फोन जवळ आणून पासवर्ड पोचवता येत होता, पण तो डोळ्यांना दिसत नसे. २०२२ मध्ये आयओएस १६ आले, तेव्हापासून तो वाचताही येतो. काही फोनांत चौकटीखाली शब्द दिसतो, काहींत नुसती चौकट. पण चौकट म्हणजे कुलूप नव्हे. तिच्यात नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो. कोणत्याही साध्या स्कॅनरने तो वाचता येतो.

ही सोय वाईट नाही. आपल्याच घरचा पासवर्ड आपण विसरतो, तो लावून देणारा मुलगा पुण्याला नाहीतर परदेशी असतो, आणि नवा टीव्ही जोडायचा असतो. अशा वेळी ही यादी उघडून पाहावी, त्यात काहीच गैर नाही. ज्येष्ठांनी नातवंडांकडून एकदा शिकून घ्यावे असेच आम्ही म्हणू. अडचण वेगळी आहे. फोन बनवणाऱ्यांनी असे धरले आहे की अंगठा ज्याचा, त्याचे आतले सगळे. फोनला आमच्या घरचे वाय-फाय आणि मावशींच्या घरचे वाय-फाय यांत काही फरक दिसत नाही. दोन्ही एकाच यादीत, एकाच टाइपात.

आमची यादी त्या रात्री आम्ही सवडीने पाहिली. एकतीस नावे निघाली. चर्चचे ऑफिस, व्याह्यांचे घर, वडील दाखल होते ते इस्पितळ, जुन्या नोकरीचे ठिकाण, एका मित्राचे दुकान, ज्याच्याशी आता बोलणे नाही. प्रत्येक नावामागे कुणीतरी एकदा आम्हाला 'या, बसा' म्हटले होते. पापनिवेदनाआधी मन तपासायला बसतो तसे काहीसे वाटले, हे कबूल करतो.

भाच्याशी यावर बोललो तेव्हा त्याचे म्हणणे सरळ होते. मावशींचे काही कमी झाले का? त्यांचा प्लॅन अमर्याद आहे. त्यांनी आपल्याला आधीच परवानगी दिली होती. फोनने आपणहून दाखवले, आपण काही फोडले नाही. मग यात चोरी कुठे आली?

मुलगा मूर्ख नाही, त्यामुळे उत्तर देणे आम्हाला सोपे गेले नाही.

वाडीत वाढलेल्यांना विहिरीचा दाखला पटेल. उन्हाळ्यात शेजाऱ्याने म्हटले, "आमच्या विहिरीवरून पाणी न्या," तर आपण कळशी घेऊन गेलो. पाणी तर झऱ्याचे, पुन्हा भरणारे. म्हणून आपण आपल्या पाहुण्यांना, पाहुण्यांच्या पाहुण्यांना तिथे पाठवू का? आणि कुणी टँकर घेऊन आला तर? पाणी आटले नाही तरी विहीर कुणाची हा प्रश्न उरतोच. 'न्या' हा शब्द शेजाऱ्याने आपल्याकडे पाहून म्हटलेला होता.

दुसऱ्या शतकात गायस नावाचा एक रोमन कायदेपंडित होऊन गेला. त्याने असाच एक दाखला दिला आहे. एकाने घोडा उसना घेतला, जवळच्या ठिकाणी जायला म्हणून, आणि नेला भलतीकडे, लांब. घोडा परत आणला, धडधाकट आणला. तरी रोमन कायदा त्याला चोरीच म्हणे. वस्तूची नव्हे, वापराची. मालक कबूल होणार नाही हे ठाऊक असूनही, त्याने ज्यासाठी दिले त्यापलीकडे नेले, एवढे पुरे होते. हा दाखला ऐकून भाचा हसला, पण गप्प झाला.

आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीतही सातव्या आज्ञेचा अर्थ केवळ 'खिशातून काढू नको' एवढाच नाही. मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याची मालमत्ता घेणे किंवा ठेवून घेणे, असा तो सांगितला आहे. 'रास्त' हा शब्द महत्त्वाचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी चोरीची व्याख्या करताना गुपचूप घेण्यावर बोट ठेवले, आणि खऱ्या निकडीच्या वेळी दुसऱ्याच्या वस्तूने आपली गरज भागवली तर ती चोरी ठरत नाही, असेही तेच सांगून गेले. समजा, रात्री दोन वाजता घरात कुणाच्या छातीत दुखते आहे, फोनला रेंज नाही, शेजारी झोपलेले आहेत. मावशींच्या वाय-फायवरून रुग्णवाहिका बोलवावी, क्षणभरही अडू नये, आणि सकाळी जाऊन सांगावे. आमच्या घरी मात्र कुणाच्या छातीत दुखत नव्हते. काकांचा कॉल दहा मिनिटांत संपला. त्यानंतर चार तास मुलांनी नाचाचे व्हिडिओ चढवले. आणि पडवीत बसलेल्या बाईंना कुणी विचारले नाही, म्हणजे ते गुपचूपच झाले. भर मांडवात, ढोल-ताशात, पण गुपचूप.

'काही कमी झाले का' या प्रश्नाला एक दुसरे उत्तरही आहे, आणि ते आपल्या मुंबई परिसरातले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोचले. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कुणी ते वापरून ईमेल धाडला होता. दोष नसताना त्या माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले. वाय-फायवरून जे काही बाहेर जाते, त्यावर ज्याचे कनेक्शन त्याचा पत्ता असतो. आमच्या ग्रुपमध्ये अठ्ठावन्न माणसे आहेत. त्यांतल्या कितींना आम्ही खरोखर ओळखतो? कुणी काही वेडेवाकडे केले असते तर पोलीस आमच्या दारी नाही, त्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या दारी आले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. साखरपुड्यातल्या मुलांना कुणी तुरुंगात टाकणार नाही हे आम्हालाही कळते. पण कायद्यानेही पासवर्डला माणसाच्या सहीच्या पंगतीत बसवले आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

असे पाऊल मोठमोठ्यांचेही घसरले आहे. २०१५ साली विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'वाय-फाय सेन्स' नावाची सोय दिली होती. आपण ठरवले तर आपल्याकडचा वाय-फाय आपल्या संपर्कातल्या मित्रमंडळींना आपोआप खुला व्हायचा. त्यांना पासवर्ड दिसत नसे, पण जोडता येई. ज्यांच्या घरचे वाय-फाय असेल त्यांना हे नको असल्यास त्यांनी आपल्या नेटवर्कच्या नावातच तसे लिहून ठेवायचे! म्हणजे पाहुण्याने किल्ली वाटायची आणि घरमालकाने दारावर 'वाटू नका' अशी पाटी लावायची. पुष्कळ टीका झाली. फार थोडे लोक वापरतात असे सांगून कंपनीने २०१६ मध्ये ते वाटप बंद केले.

आमच्या मनाला सर्वांत जास्त टोचले ते मात्र इंटरनेट नव्हे, तो शब्द. जुने धर्मशास्त्री गुपिताचे तीन प्रकार सांगत. एक, जे स्वभावतःच गुप्त राखायचे, कारण उघड झाल्यास कुणाला दुखापत होईल. दुसरे, कळल्यावर आपण 'सांगणार नाही' असे वचन दिले म्हणून राखायचे. तिसरे, जे राखण्याच्या अटीवरच आपल्याकडे सोपवले गेले. यांतला तिसऱ्याचा बंध सर्वांत घट्ट. मावशींनी आमच्या फोनवर सोपवले ते या तिसऱ्या प्रकारचे होते. अट तोंडाने सांगितली नव्हती, पाठ वळवून सांगितली होती. पासवर्ड हा बहुतेकांना कुलपाचा आकडा वाटतो. पण लोक त्यात काय काय लिहितात! मेलेल्यांची नावे, नवसाची तारीख, मोडलेले लग्न. रोज कुणाला न सांगता ती एकदा बोटांनी लिहायची. ती जागा त्यांची असते. आम्ही तिथे बूट घालून गेलो, आणि मागून अठ्ठावन्न जणांना बोलावले.

आठवडा गेला तरी आम्ही मावशींकडे गेलो नाही. लाज वाटत होती, आणि खरे सांगायचे तर 'त्यांना कळणारच नाही' हा विचारही मनात येऊन गेला. शेवटी रविवारी मिस्सानंतर दोघे मिळून गेलो. सगळे सांगितले. मावशींनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "इंटरनेटचं काय रे, वापरा की. पोरांनी काका बघितला ना?" मग थोडा वेळ थांबल्या. "तो शब्द मी कुणाला वाचून दाखवला नव्हता. डॉक्टरच्या मुलीनेसुद्धा विचारला होता, तिलाही मीच लिहून दिलं."

आम्ही म्हटले, पासवर्ड बदलून देतो, पाच मिनिटांचे काम आहे. त्यांनी मान हलवली. "मी नाही बदलणार." यावर आम्ही काय बोलणार?

भाच्याने मग त्यांच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढून दिले, त्याचा पासवर्ड साधा, आठ आकडी. तो आता त्यांच्या दारामागे कागदावर चिकटवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघून घ्यावा. जुना शब्द जिथल्या तिथे आहे. तो त्यांचा त्यांना.

राहिले ते आमचे काम. आमच्या फोनातून ते नेटवर्क आम्ही काढून टाकले. ग्रुपवरचा फोटो सर्वांच्या फोनांतून पुसण्याची मुदत तोवर टळून गेली होती. म्हणून भाचा आणि आम्ही एकेकाला फोन करतो आहोत: फोटो काढून टाक, नेटवर्क 'विसर', आणि गुगलच्या बॅकअपमधून नव्या फोनवर पुन्हा आले तर तेव्हाही विसर. त्या दिवशी जोडलेले फोन तेरा निघाले. अकरांचे झाले. एकजण बोटीवर आहे, ऑगस्टमध्ये उतरेल. तेरावा कुणाचा हे अजून कळलेले नाही.