दुसऱ्याच्या मनाची साक्ष

आंबेगांव तालुक्याला ज्या गांवावरून नांव मिळालें, तें जुनें आंबेगांव आज पाण्याखालीं आहे. घोड नदीवर डिंभें येथें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरण बांधलें गेलें आणि तें गांव जलाशयाच्या पोटांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे, मोठा बाजार मंचरास भरतो. परंतु कागदोपत्रीं तालुक्याचें नांव आंबेगांव तें आंबेगांवच. डिंभ्याच्या वाटेनें जातां-येतां आमच्या मनांत पुष्कळदां असा विचार येतो कीं, आम्हां ख्रिस्ती म्हणविणारांपैकीं कित्येकांची स्थिति याहून निराळी नाहीं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत नांव आहे, वर्गणीच्या यादींत नांव आहे, स्मशानभूमींत जागाहि राखलेली आहे. आणि ज्या गांवामुळें तें नांव पडलें तें मात्र केव्हांच बुडून गेलें आहे.

हें बोलणें कोणास कठोर वाटल्यास त्यानें पंडिता रमाबाईंची साक्ष पाहावी. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटिज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं झाला. पुढें त्या अमेरिकेंत गेल्या, १८८९ सालीं मुंबईस परत येऊन त्यांनीं शारदासदन काढलें, आणि १८९० सालीं तें पुण्यास आणिलें. एवढें सर्व झाल्यावर, बाप्तिस्म्यास सुमारें आठ वर्षें लोटल्यावर, त्यांस कळून आलें कीं, आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं. १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें स्वतःच सांगितलें आहे. विद्वत्ता, कीर्ति, परोपकार यांत त्यांस कांहीं उणें नव्हतें. विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त वाचतां वाचतां आपलें उणें त्यांच्या ध्यानांत आलें. (हा हॅस्लम व्यासपीठावर उभा असतां स्वतःच्याच उपदेशानें पालटला होता, ही गोष्ट आम्हां उपदेशकांनीं विसरूं नये.)

मग तीं आठ वर्षें व्यर्थ गेलीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या अवधींत रमाबाईंनीं एक गोष्ट हातची जाऊं दिली नाहीं. ती म्हणजे आपल्या मनाची साक्ष. वाँटिजच्या मठांतील सिस्टर जेराल्डीन यांनीं त्यांस मायेनें वागविलें होतें. त्या उभयतांचा पत्रव्यवहार पुढें १९७७ सालीं ग्रंथरूपानें छापला गेला. तो कांहीं ठिकाणीं वाचवत नाहीं इतका दुःखद आहे. सिस्टरांचें म्हणणें असें कीं, नव्या विश्वासणाऱ्यानें मंडळीची शिकवण नम्रपणें मान्य करावी. रमाबाई पुरोहितांच्या एका जुंवाखालून मोठ्या कष्टानें सुटल्या होत्या. तशाच दुसऱ्या जुंवाखालीं मान देण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टरांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. गर्व पुष्कळदां विवेकबुद्धीचा अंगरखा घालून येतो, आणि आपल्या लेकराविषयीं तीच भीति त्यांस वाटली असावी. परंतु हेंहि तितकेंच खरें कीं, जिनें आपलें मन माणसांच्या हातीं दिलें नाहीं, तिलाच पुढें तें प्रभूच्या हातीं देतां आलें. जें आपल्यापाशीं उरलेंच नाहीं तें मनुष्य देवाला देणार कसें?

हें सर्व आम्हीं वाचलेलें होतें, एका सभेंत त्यावर व्याख्यानहि दिलें होतें. तरी प्रसंग आला तेव्हां आम्ही सिस्टरांहूनहि वाईट वागलों. तें येथें सांगणें भाग आहे.

जुन्नर तालुक्यांतील एका वाडींत आमच्या मंडळीचा एक सभासद आहे. थोडी बागाईत, बाकीची जिराईत. उन्हाळी कांदा हेंच त्याचें नगदी पीक. दोन वर्षांपूर्वीं त्यानें एका आडत्याकडे चाळीस पिशव्या कांदा घातला. पट्टी हातीं आली तींत शेहेचाळीस पिशव्यांचे पैसे लागले होते. मुलीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती आणि सोसायटीचें कर्ज थकलें होतें. शनिवारीं दिवेलागणीस तो आमच्याकडे आला, पट्टी पुढें ठेविली आणि म्हणाला, “पाळकसाहेब, मन खातंय.”

आम्हीं त्यास विचारलें कीं, या आडत्यानें आजवर तुमच्या मालांतून कडता किती कापला? त्यानें आठवून आठवून सांगितलें. आम्हीं कागद घेऊन बेरीज केली. ती सहा पिशव्यांहून बरीच अधिक भरली. तेव्हां आम्ही त्यास म्हणालों कीं, देवानें तुमचें तुम्हांसच परत दिलें असें समजा, आणि स्वस्थ झोंपा. तो “बरं” म्हणून गेला. तिसऱ्या दिवशीं सकाळच्या एस.टी.नें जाऊन त्यानें ते पैसे परत केले. आम्हांस हें पंधरा दिवसांनीं, तेंहि दुसऱ्याच्या तोंडून कळलें. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो उपासनेस नियमानें येई, सलाम करी, दानपेटींत दान घाली; परंतु कोणतीहि गोष्ट विचारावयास आमच्या दारीं आला नाहीं.

आमची चूक बेरजेंत नव्हती. कडत्याची तक्रार खरीहि असेल; पण मग ती आडत्यासमोर किंवा बाजार समितींत उघडपणें करावयाची होती. गुपचूप ठेवून घेणें ही मागणी नव्हे. तथापि हीहि आमची खरी चूक नव्हे. आमचा एक बंधु अस्वस्थ मन घेऊन आला, आणि आम्ही ती अस्वस्थता हाच रोग समजलों व त्यावर झोंपेचें औषध दिलें. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत पौलानें हा विषय उलगडला आहे: जें कृत्य करणाराच्या स्वतःच्या विश्वासांतून निघत नाहीं तें त्याला पाप होय, मग तेंच कृत्य दुसऱ्याला निर्दोष असलें तरी चालत नाहीं. त्या मनुष्यानें आमचें ऐकून पैसे ठेविले असते, तर ते आमच्या मनाच्या साक्षीवर ठेविले असते. आणि न्यायाच्या दिवशीं आमचें मन त्याच्या वतीनें साक्ष द्यावयास उभें राहणार नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मनाची साक्ष चुकत नाहीं काय? चुकते. शौलानें विश्वासणारांचा छळ केला तो मनाविरुद्ध नव्हे. येशूच्या नांवाविरुद्ध पुष्कळ करावें हेंच आपलें कर्तव्य असें त्यास वाटत होतें, आणि अग्रिप्पापुढें त्यानें तें स्पष्ट कबूल केलें. शिवाय तापलेल्या लोखंडानें डागल्यासारखें बधिर झालेलें मनहि असतें. त्याविषयीं त्यानेंच तीमथ्याला लिहिलें आहे. ज्याला खोट्या मापाची लहानपणापासून सवय, त्याला तें माप खुपत नाहीं. तेव्हां मनाला शिकविणें हें पाळकाचें, आईबापांचें, मंडळीचें काम आहेच. परंतु शिकविणें निराळें आणि गप्प करणें निराळें. शिकविणारा मनापुढें अधिक ठेवितो: शास्त्र, वस्तुस्थिति, शेजाऱ्याचें दुःख. गप्प करणारा मनापुढून कांहीं तरी काढून घेतो. आम्हीं त्या रात्रीं सहा पिशव्या काढून घेतल्या आणि त्यांच्या जागीं कडता ठेविला.

नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. आमच्या कित्येक वाचकांस आपल्या शेतांतून तिच्या तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांस दूरवर. आकाशांतून येणाऱ्या ज्या लहरी त्या टिपतात, त्या इतक्या क्षीण असतात कीं, जवळच्या मोटारीच्या ठिणगीनें किंवा विजेच्या नादुरुस्त तारेनेंहि त्या झांकल्या जातात. म्हणून तर डोंगरांच्या आडोशाचा व कमी गोंगाटाचा हा मुलूख त्यासाठीं निवडला. आणि एका तबकडीस जें ऐकूं येतें तें दुसऱ्या तबकड्यांच्या ऐकण्याशीं ताडून पाहतात. कारण दुरून आलेली लहर सर्वांस पोंचते, पण एकीच्या अंगची खरखर दुसरीला ठाऊक नसते. होरेब डोंगरावर एलीयाला परमेश्वर वाऱ्यांत, भूमिकंपांत किंवा अग्नींत भेटला नाहीं. मागाहून आलेल्या मंद वाणींत भेटला. ज्याच्या घरांत पहांटेपासून निजेपर्यंत मोबाईल बोलत असतो, त्यानें ही वाणी आपणांस ऐकूं येत नाहीं अशी तक्रार करूं नये.

मात्र हा दृष्टान्त फार ताणूं नये. अहाबाच्या दरबारीं चारशें संदेष्टे एकमुखानें बोलले, इम्लाचा पुत्र मीखाया एकटाच निराळें बोलला, आणि खरा तोच ठरला. चारशेंहि तबकड्यांवर एकाच राजवाड्याची खरखर पडत होती. मंडळीनें मंडळीशींच ताडून पाहिलें म्हणजे झालें असें नव्हे.

मग देवाची वाणी आणि आपली खरखर यांतील भेद ओळखावा कसा? पूर्ण खात्रीची खूण आमच्यापाशीं नाहीं. एक मात्र थोडीफार उपयोगी पडली आहे: जी वाणी प्रथम शेजाऱ्याचा दोष दाखविते तिजविषयीं सावध असावें. नाथानानें गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतांच दाविदाचा संताप उसळला. दुसऱ्याच्या पापाविषयीं त्याचें मन तेव्हां अगदीं तीक्ष्ण होतें. पण याच दाविदाची आणखी एक गोष्ट आहे. तो व त्याचे लोक एन-गेदीच्या रानांत गुहेंत लपले असतां शौल एकटाच आंत आला. लोक म्हणाले कीं, देवानेंच शत्रु तुझ्या हातीं दिला आहे. दाविदानें त्याच्या झग्याचा फक्त कांठ कापला, आणि तेवढ्यानेंहि त्याचें मन त्यास खाऊं लागलें. देवानेंच दिलें आहे, असें सांगणारे लोक त्या गुहेंतहि होते. आम्ही त्यांतलेच.

उलट बाजूचीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागांत जत्रेचे दिवस आले म्हणजे गांवच्या वर्गणीचा प्रश्न दरसाल येतो. एक ख्रिस्ती कुटुंब कांहींच देत नाहीं. दुसरें पाण्याची टाकी व रस्ता यांसाठीं देतें, पालखीसाठीं देत नाहीं. तिसरें शेजारधर्म म्हणून देतें आणि त्यावर अधिक विचार करीत नाहीं. पहिलें तिसऱ्याला मूर्तिपूजक म्हणतें, तिसरें पहिल्याला कर्मठ म्हणतें. करिंथ येथील मंडळींतहि हाच वाद होता. पौलानें तेथें ज्ञान्याच्या पदरांत वाद जिंकल्याचें श्रेय घातलें खरें, पण लगेच त्याला सांगितलें कीं, तुझ्या ज्ञानानें दुबळ्या मनाचा भाऊ नाश पावत असेल तर तें ज्ञान आवर. दुबळें मन हें थट्टेचा विषय नव्हे. त्याला बळ येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणें हें आम्हां पाळकांस फारसें साधत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्या सभासदाच्या घरीं गेलों आणि त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला, त्यानें चहा करावयास सांगितला. मग म्हणाला, “कडत्याचा हिशेब तुमचा बरोबरच होता, पाळकसाहेब. पण मी चाळीस पिशव्या मोजून गाडीत घातल्या होत्या. त्या सहा कोणाच्या तरी असतीलच ना? त्यालाही त्या दिवशी पट्टी मिळाली असेल.”

त्या शनिवारीं रात्रीं आम्हांस हें सुचलेंच नव्हतें. आम्हीं एवढी बेरीज केली तींत तो दुसरा शेतकरी कोठेंच नव्हता. आडत्यानें पैसे घेतले, वहींत कांहीं लिहिलें आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. त्या सहा पिशव्या कोणाच्या होत्या, त्यास त्याचे पैसे पोंचले कीं नाहीं, हें आजवर कळलेलें नाहीं. मुलीची फी शेळ्या विकून भरली. कडता यंदाहि कापला गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर तो आपण होऊन आमच्याकडे आला. सख्ख्या भावाशीं बांधावरून वाद पडला होता. मोजणीचा नकाशा त्यानें सोबत आणिला होता व तो आमच्यापुढें पसरला. आम्हीं नकाशा गुंडाळून ठेविला आणि या बांधाविषयीं रात्रीं त्याच्या मनांत काय येतें तें विचारलें. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग बोलूं लागला. तें ऐकतां ऐकतां शेवटची एस.टी. निघून गेली, आणि त्या रात्रीं तो आमच्याच घरीं राहिला.