मऊ मूठ

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आमच्या टिळकवाडीतली मुलंही त्या आवडीनं वाचतात, आणि आपण बायका लांबूनच म्हणतो, 'नुसती मारामारी!' पण आत डोकावलं तर त्या मारामारीमागं चीनचा एक जुना विचार दिसतो, यिन आणि यांग. यिन म्हणजे सावली, गारवा, स्त्री. यांग म्हणजे ऊन, उष्णता, पुरुष. एकाच वर्तुळात दोघं, आणि प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्याचा एक ठिपका.

रुमिको ताकाहाशी या लेखिकेच्या 'रान्मा १/२' मध्ये (१९८७–९६) मार्शल आर्ट शिकणारा मुलगा गार पाणी पडलं की मुलगी होतो, गरम पडलं की पुन्हा मुलगा. विद्या तीच, जिद्द तीच. आपण म्हणू, पर्याय बदलला, द्रव्य तेच. मग 'बाई म्हणजे नरम' हे कुठं राहिलं?

मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो' मध्ये (१९९९–२०१४) ह्यूगा घराण्याची युद्धकला याच वर्तुळावर उभी आहे. तिचं नावच 'मऊ मूठ'. हिनाता नावाची बुजरी मुलगी ती लढते. पण हा मऊ स्पर्श वरून दिसत नाही, आतल्या अवयवांना इजा करतो.

इथं मी थबकते. मऊपणा म्हणजे अहिंसा नव्हे. गोड बोलून सुनेचं काळीज चिरणारी जीभ मऊच असते की! आपला धर्म हाताआधी भाव बघतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे तो मान्य करतो. ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र सोडायलाच सांगतो. म्हणून 'काळ्यात पांढरं असतंच, थोडी हिंसा चालायचीच' असा सोयीचा अर्थ आपल्याला काढता येत नाही. अनेकांतवाद दुसऱ्याची बाजू बघायला शिकवतो, दुसऱ्याला दुखवायची मुभा देत नाही.

जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भरत-बाहुबलींचं युद्ध आहे. सैन्य मरू नये म्हणून दोघंच लढले: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. बाहुबलींनी तिन्ही जिंकली. थोरल्या भावाला उचलून धरलं, पण आपटलं नाही. आणि पुढं राज्यच सोडलं. बळ नसतं तर त्या सोडण्याला काय किंमत होती?

म्हणून मुलींना कराटेला जरूर घाला. मांगाही वाचू द्या. फक्त एवढं विचारा, 'मूठ उगारायला शिकलीस, बाळ. ती कुठं थांबवायची, तेही शिकलीस ना?'