हे 35 मिलिमीटर कुणाचे?

चित्र सुंदर आहे. संध्याकाळचं ऊन, जाळीतून भिंतीवर पडलेल्या सावल्या, गॅलरीत कप घेऊन बसलेली मुलगी. तुझा हात चांगला आहे, नजर चांगली आहे, हे मी तू पहिल्या वर्षाला होतास तेव्हापासून सांगत आले. आता तो रेंडर बाजूला ठेव आणि मला जिन्याचं सेक्शन दाखव.

नाही ना? काढलंच नाहीस.

म्हणून म्हैसूरमधल्या गोकुलमच्या त्या घरात जिन्याच्या सतरा पायऱ्या 175 मिलिमीटरच्या झाल्या आणि सगळ्यात वरची एकटी 210 ची. का झाली? जिन्यावर ग्रॅनाइट आणि खालचा माल मिळून 30. वरच्या मजल्यावर फरशी आणि माल मिळून 65. फरक 35. ही वजाबाकी पाचवीतलं पोर करतं. तुला ती येत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. तुला येते. तू केली नाहीस. राग याचाच आहे.

नॅशनल बिल्डिंग कोडने घराच्या पायरीला 190 मिलिमीटरची मर्यादा का घातली, हे तू परीक्षेत पानभर लिहिलं होतंस. चांगले मार्क घेतले होतेस. ते उत्तर कुणासाठी लिहिलंस? माझ्यासाठी? मी काही त्या जिन्यावरून उतरणार नव्हते.

कोण उतरणार होतं ते तुला ठाऊक होतं. पट्टाभि जोइस यांची योगशाळा लक्ष्मीपुरमहून गोकुलमला आली, तेव्हापासून जगभरची माणसं महिनोन्‌महिने तिथे खोल्या घेऊन राहतात. तुझ्या घरमालकांनी वरचा मजला त्यांच्यासाठीच बांधला. ही माणसं पहाटे, अंधारात, अर्धवट झोपेत बाहेर पडतात. खालचे जागे होऊ नयेत म्हणून दिवासुद्धा लावत नाहीत. उतरताना त्यांची पहिलीच पायरी ती 210 ची. पाय जिथे टेकेल असं वाटतं तिथे जमीन नाही. ती 35 मिलिमीटर खाली आहे. आणि ज्या कठड्याला धरायचं तो तुझ्या चित्रात दिसायला हलका हवा म्हणून तू त्या पायरीच्या खालीच संपवलास.

मला सांग, ओली चटई वाळत कुठे घालायची? घामाने भिजलेले कपडे? वर दोन खोल्या, दोन बाथरूम, आणि दोरी बांधायला एक खिळा नाही. तू भाडेकरूंसाठी 'वातावरण' तयार केलंस. सकाळी नऊ वाजता त्यांच्या हातात काय असतं, हे विचारलं नाहीस. ऑफिसपासून चार गल्ल्यांवर राहतात ती. रोज दिसतात.

"मॅडम, मेस्त्रीने घोळ केला."

मेस्त्रीच्या हातात कागद कोणता होता? मजल्याचा प्लॅन, आणि मोबाइलवर आलेला तोच तो रेंडर. त्यात पायरीची उंची नव्हती. फरशीची जाडी नव्हती. बाथरूमची पातळी नव्हती. तो बिचारा काय करणार? त्याने त्याच्या अंदाजाने केलं. साइटवर काहीच अनिर्णीत राहत नाही, एवढं लक्षात ठेव. तू कागदावर टाळलेली प्रत्येक गोष्ट तिथे ठरतेच. तू ठरवली नाहीस तर गवंडी ठरवतो, प्लंबर ठरवतो, फरशी आणून देणारा दुकानदार ठरवतो. आणि मग पाटीवर मात्र तुझं नाव.

त्या प्लॅनची प्रिंट मी पाहिली. जिन्याशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'फ्लोअर फिनिश?' ते अक्षर तुझं नाही. तुझ्याकडे ट्रेनिंगला आलेल्या मुलीचं आहे. तिला प्रश्न पडला. कॉलेज अजून संपलेलं नसलेल्या मुलीला! तू काय म्हणालास? "नंतर बघू. आधी तो व्ह्यू पूर्ण कर." म्हणजे तुला कळलं नव्हतं असंही नाही. तुला कळवलं होतं. तू स्वतः कामचुकारपणा करतोस तो करतोस, वर त्या पोरीला शिकवतोयस की प्रश्न विचारणं म्हणजे वेळ घालवणं. याबद्दल तुला माफी नाही.

पुढचा बहाणा भाषेचा. कन्नड नीट येत नाही, त्यामुळे साइटवर सांगता येत नाही. कोल्हापूरहून म्हैसूरला येऊन किती वर्षं झाली? वाणसामान आणताना भाषा येते, जागेचं भाडं घासाघीस करून कमी करताना येते, फक्त उतार सांगताना येत नाही? मट्ट म्हणजे पातळी. इळिजारु म्हणजे उतार. असे वीस-पंचवीस शब्द पाठ करायला संध्याकाळ पुरते. आणि भाषा येत नसेल तर रेघ काढ. ड्रॉइंग कशासाठी असतं? ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांना कुठलीही भाषा लागत नाही. तू कधी हातात धरलेस ते शेवटचे?

आता उत्तरेची भिंत. अख्खी काचेची. वर छज्जा नाही. विचारलं तर म्हणालास, उत्तरेला ऊन येत नाही. हे कुठल्या गावचं? पुस्तकं लिहिली थंड देशांतल्या लोकांनी, तिथे येत नसेल. म्हैसूर सव्वाबारा अंशांवर आहे. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य तिथे डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर आणखी उत्तरेला. पुण्यात हाच काळ मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. म्हणजे भर उन्हाळ्यात तुझ्या त्या काचेवर ऊन, आणि आत भाडेकरू पडदे ओढून बसलेले. सूर्याचा तक्ता मी तुमच्याकडून हाताने काढून घेतला होता. रडला होतात सगळे. आता तेच काम संगणक क्षणात करतो. तो क्षणही तुला मिळाला नाही?

पावसाचंही तेच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तू सप्टेंबरवर ढकललंस, कारण आपल्याकडे गणपती झाले की पावसाळा आवरतो. अरे, तू कोल्हापुरात नाहीस! म्हैसूरला मेमधले वळीव जोराचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर पुन्हा जोराचे. शेजारच्या कुठल्याही म्हाताऱ्याने सांगितलं असतं. विचारायचं कुणी?

आता बाथरूम, कारण खरं पाप तिथे झालंय.

वरच्या एका बाथरूमखाली घरमालकांची झोपायची खोली आहे. हे तूच आखलंस. बाथरूमखाली झोपायची खोली ठेवली तर ते बाथरूम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. खाली घेतलेल्या स्लॅबचे कोपरे गोल करून घ्यायचे. पाइप जिथून भिंत भेदून जातो ती जागा आपण उभं राहून बंद करून घ्यायची. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, खाली जाऊन छताला हात लावायचा, मगच भराव घालू द्यायचा. नहाणी ट्रॅपकडे उतार आहे की नाही, हे बादलीभर पाणी ओतून बघायचं. यातली एकही गोष्ट अवघड नाही. यातल्या एकाही गोष्टीला प्रतिभा लागत नाही. लागतात पाय. साइटपर्यंत चालत जाणारे.

तू पाणी भरू दिलं नाहीस. "शेड्यूल मागे पडलं होतं." कशामुळे पडलं होतं? दर्शनी जाळीची नक्षी तू पुन्हा पुन्हा बदललीस म्हणून. जाळीसाठी वेळ होता. पाण्यासाठी नव्हता.

स्लॅब ओतली त्या दिवशी कुठे होतास? बेंगळुरूला, कुठल्याशा परिसंवादात. विषय होता शाश्वत वास्तुकला. सळईखाली कव्हर ब्लॉक होते का? आयएस 456 तिथे 20 मिलिमीटर मागतं. माहीत नाही. पंख्याचे हुक कुठे आले? खोलीच्या मधोमध. पण एका भिंतीला दोन फुटांचं कपाट आहे, त्यामुळे पलंगाच्या मधोमध नाही. क्युरिंग किती दिवस केलं? "दहा दिवस सांगितलं होतं." सांगितलं होतंस. झालं का? मोबाइलवर ओल्या स्लॅबचा एक फोटो आला आणि तू त्याला अंगठा दाखवलास. तो फोटो कितव्या दिवसाचा होता हेही तू विचारलं नाहीस.

मग फीचं रडगाणं. कमी पैसे मिळतात, त्यात एवढं कसं करायचं? फी कमी आहे, खरं आहे. या धंद्यात तरुणांची पिळवणूक होते, तेही खरं, आणि त्यावर मी वेगळी भांडते. पण फी ठरवताना तू करारात देखरेख लिहिलीस. लिहिलीस ना? मग परवडत नव्हतं तर तेव्हा नाही म्हणायचं. मानधन घेताना पूर्ण आर्किटेक्ट आणि काम करताना अर्धा, हा हिशेब कुठल्या शाळेतला? माझ्या तर नाही.

आणि एक गोष्ट कान देऊन ऐक. 17 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतो. इमारतीचं डिझाइन करण्याचं काम तो दुसऱ्या कुणाला बंद करत नाही. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस उद्या कुठल्याही ड्राफ्ट्समनकडे जाऊ शकतो. जातोच. तिथे प्लॅन मिळतो, मंजुरीचे कागद मिळतात, आता रेंडरही मिळतो. मग तुझ्याकडे का यावं? पाच वर्षं शिकलास ते कशात दिसावं? त्या शेवटच्या पायरीतच दिसायला हवं होतं. तिथेच तू आणि तो सारखे निघालात.

म्हैसूरचं जुनं देवराज मार्केट वाचवायला तू रस्त्यावर उभा राहिलास. बरं वाटलं मला. 2012 च्या ऑगस्टमध्ये लॅन्सडाउन बिल्डिंगचा भाग कोसळून चार माणसं गेली, 2016 च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती चालू असताना देवराज मार्केटचा भाग खाली आला. पाडायचं की जपायचं यावर वर्षानुवर्षं भांडण. तू जपायच्या बाजूने, मीही. पण जुन्या इमारतींचं ते मद्रास टेरेस छप्पर कसं असतं हे तू मोजून काढलंस का? सागाच्या तुळया, त्यांवर तिरक्या, उभ्या लावलेल्या विटा, वर चुन्याचा कोबा. पाणी कुठून शिरतं, तुळईचं टोक भिंतीत कसं कुजतं, हे शिडी लावून पाहिलंस? वोंटिकोप्पल तुझ्या ऑफिसशेजारी आहे, जुनी घरं अजून उभी आहेत. एखाद्या घराचं छप्पर मोजायला एक रविवार पुरतो. घोषणा द्यायला उत्साह आहे, टेप धरायला नाही. जुन्या इमारती पाण्याने मरतात, आणि नव्या इमारतीत पाणी तू स्वतः सोडलंस.

ऑफिसच्या भिंतीवर आर्किटेक्ट दोशींचा फोटो लावलायस. पुण्यात जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकायला गेलेला माणूस. त्यांनी आखलेलं आयआयएम तुझ्यापासून काही तासांवर, बेंगळुरूमध्ये. आचऱ्याच्या कानविंद्यांनी आखलेलं कृषी विद्यापीठही त्याच शहरात. परिसंवादाला गेलास तेव्हा आयआयएमच्या त्या ग्रॅनाइटच्या भिंतीला हात लावलास? त्या लांब ओसऱ्यांत ऊन कुठे येतं, पाऊस कुठे अडतो, पन्हाळ कुठे सोडलीय, काढून आणलंस? फोटो आणलेस. फोटो माझ्याकडेही आहेत.

तू मठ्ठ असतास तर मी इतकं बोललेच नसते. मठ्ठ मुलांना मी समजावते. तुला समजावण्यासारखं काही उरलेलं नाही, तुला सगळं समजतं. दुसऱ्या वर्षाला खेड्यातल्या घरांच्या मोजणीला गेलो होतो, तेव्हा सगळे जेवायला गेले आणि तू एकटा उंबऱ्याची उंची मोजत बसला होतास. म्हणालास, घरातल्या आजीचा पाय किती वर उचलतो ते बघतोय. तो मुलगा कुठे गेला? त्याला कोण विचारणार होतं? त्याला बक्षीस मिळालं नाही, टाळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून तू त्याला घरी बसवलंस?

ते घरमालक दोघं निवृत्त शिक्षक आहेत. माझ्यासारखे. आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली. उशाशी भिंतीला ओल आली तरी बाई मला फोनवर म्हणतात, "तुमचा मुलगा फार चांगला आहे हो, त्याला रागावू नका." त्यांनी अजून तुला दोष दिलेला नाही. तू मात्र त्यांना सांगून मोकळा झालास, की नवीन घर आहे, वाळेल. वाळणार नाही. तुलाही माहीत आहे. तोंडावर खोटं बोललास.

तर आता ऐक. त्यांच्याकडे जा. फोन नको, मेसेज नको, त्या ट्रेनीला पुढे करणं नको. बाथरूम उकलावं लागेल हे स्वतःच्या तोंडाने सांग. कुणाचं चुकलं तेही सांग. खर्च तुझ्या फीमधून. भराव पूर्ण काढ, पाणी भरून दोन दिवस ठेव, खालून छत बघ. तो 35 मिलिमीटरचा फरक एका पायरीवर ढकलू नकोस. वरचा ग्रॅनाइट काढून सगळ्या अठरा पायऱ्यांत वाटून घे, एकेकीला दोन मिलिमीटरसुद्धा येत नाहीत. कठडा वरच्या मजल्यावर फूटभर पुढे ने. उत्तरेला छज्जा काढ. दोरीसाठी हुक लाव. प्रत्येकाचं ड्रॉइंग आधी, मापांसकट, आणि त्या मुलीला शेजारी बसवून. मेस्त्री आठला येतो. तू पावणेआठला.