लीळास्मरण आणि कल्पना

लीळास्मरणास बसलेल्या साधकापुढे एक प्रश्न नित्य उभा राहतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान त्यास लाभलेले नाही. श्रीमूर्ती त्याने पाहिली नाही. तथापि नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण त्यास विहित आहे. जे पाहिलेच नाही ते आठवावे कसे? मन चित्र रचते; परंतु ते परमेश्वराच्या लीळेचे, की मनाच्या आवडीचे?

कित्येक म्हणतात, कल्पना सर्वथा त्याज्य. तसे मानल्यास केवळ अक्षरांचे पठण उरेल. कित्येक म्हणतात, भाव शुद्ध असला म्हणजे कोणतेही चित्र चालेल. तसे मानल्यास शास्त्राचे प्रयोजनच संपले. दोन्ही मते एकांगी होत.

निर्णय शास्त्राच्या घडणीतच आहे. सुमारे शके १२०० मध्ये म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, त्या भटोबासांस व इतर भक्तजनांस विचारून. त्यांच्या ठिकाणी विद्वत्ता होती, कवित्वशक्तीही होती. तरी उणे वाटले तेथे पदरचे घातले नाही. जेथे दोघांच्या आठवणी भिन्न पडल्या, तेथे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून संप्रदायाने जपले. स्थानपोथीने स्थानांच्या दिशा व खुणा नोंदविल्या. अर्थात शास्त्र कल्पनेस मारीत नाही. तिला भूमी देते आणि सीमाही दाखविते.

दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांपैकी हत्तीचा दृष्टांत येथे विचारात घ्यावा. आंधळ्याच्या हातास जे लागले ते खोटे नव्हते. कान सुपासारखा, पाय खांबासारखा, हे खरेच. चूक हाताची नाही. एका अवयवावरून अवघा हत्ती रचणाऱ्या कल्पनेची आहे. जीवाच्या जाणिवेचा स्वभावच असा की थोडके कळताच उरलेले ती आपल्या पदरचे भरून काढते आणि भरलेले विसरून जाते.

या विसरण्यातच खरा अनर्थ आहे. निरूपणाच्या भरात एखादा वक्ता लीळेत एक वाक्य अधिक घालतो. हेतू वाईट नसतो. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण पुढे श्रोता तेच वाक्य श्रीमुखीचे म्हणून स्मरू लागतो. वक्ता सभा आटोपून उठतो. भेसळ मात्र दुसऱ्याच्या स्मरणात राहते. तिचे उत्तरदायित्व कोणाचे?

यास्तव स्मरण करिताना मनात चित्र उमटेल तेव्हा साधकाने त्यास विचारावे : हे ग्रंथी आहे की माझे आहे? ग्रंथी असेल तेथे चित्त स्थिर करावे. आपले असेल तर ते आपले म्हणून ओळखावे, आणि कोणासही लीळा म्हणून सांगू नये. जेथे ग्रंथ थांबतो तेथे थांबता येणे, हेही स्मरणच होय. असे वारंवार थांबता थांबता जीवास आपल्या मनाचे व्यापार दिसू लागतात. लीळा वाचता वाचता वाचणाराही वाचला जातो, तो असा.